लावतल्यात खंय?

मे महिन्याचे शेवटचे दिवस. घाटाखालच्या एका रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि त्यात सापडलेला एक जुना रायवळ आंबा रस्त्यालगत आडवा पडला होता. अर्धा रस्ता अडलेला, त्यामुळे एकदा इकडची रांग, एकदा तिकडची, असं वाहनांना सोडत होते. मशीनच्या करवतीचा आवाज कानात घुसत होता. ताज्या चिकाचा उग्र वास आणि त्यात पेट्रोलचा धूर. झाडावर अजून आंबे होते, बारके, शेंदरी झाक आलेले. पोरं ते पानांतून शोधून शर्टाच्या ओच्यात भरत होती. बुंध्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला आकडा अजून वाचता येत होता. फांद्या तोडून, ओढून, एका कडेला रचायचं काम बायकांकडे होतं आणि त्यांतल्या एकीच्या अंबाड्यात सीतेची वेणी खोवलेली होती. गुलाबी-पांढरी, ताजी, मानेवर लोंबणारी. घामाने चिकटलेले केस, डोक्यावर भुसा, आणि त्यात ते फूल.

मी गाडीतून उतरून जवळ गेले तर पडलेल्या फांदीवर सीतेच्या वेणीची आणखी बरीच रोपं होती. काही फुललेली, काही चिरडलेली, काहींचा दांडा मधूनच मोडलेला. एखादं रोप मिळेल का असं मी विचारलं. तिने काही न बोलता कोयतीने फांदीची साल खरवडली आणि मुळांना धरून सालीसकट अख्खं रोप माझ्या हातात ठेवलं. वर जरा थांबून म्हणाली, "न्हेतल्यात ता ठीक, पण लावतल्यात खंय?" मी म्हटलं, बघू, एखादं झाड. त्यावर ती मनापासून हसली. "तेचां झाड ह्याच होतां," म्हणाली आणि पुढची फांदी ओढायला गेली. मागून एस. टी.चा हॉर्न वाजायला लागला, म्हणून मीही गाडीत बसले.

लावणार कुठे, हा तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्या रात्री जिथे मुक्काम होता तिथल्या पडवीत मी ते रोप नीट पाहिलं. रस्त्याच्या कडेने जाताना ही आमरी, म्हणजे ऑर्किड, आपल्याला दिसते ती फुलाची. उरलेले अकरा महिने ती झाडाच्या ढोलीतून उगवलेलं कसलंतरी जाडसर गवत म्हणून आपल्या नजरेतून सुटते. हातात घेतल्यावर कळतं की पानं चांगली जाड आहेत, मधोमध पन्हळीसारखी खोलगट, आणि टोकाला कुणी कुरतडल्यागत तिरकी तुटलेली. ही तुटलेली टोकं तिची खूणच, फूल नसतानाही ओळखायला उपयोगी. पण मला वेड लावलं ते मुळांनी. करंगळीपेक्षा थोडी बारीक, राखाडी-पांढरी, कोरडी, बोटाने दाबलं तर किंचित मऊ. सालीच्या प्रत्येक भेगेशी त्यांनी जुळवून घेतलेलं. ज्या बाजूने फांदीला टेकली होती त्या बाजूने चपटी झालेली, आणि सालीचे तुकडे असे घट्ट धरलेले की काढायला गेलं तर मूळच फाटेल. तांब्यातलं थोडं पाणी ओतलं तर डोळ्यांदेखत ती हिरवी झाली. वरचं आवरण म्हणजे आतून पोकळ, मेलेल्या पेशींचे थर असतात. कोरडे असताना त्यात हवा असते म्हणून पांढरे दिसतात, पाणी शोषलं की पारदर्शक होतात आणि खालचं हिरवं मूळ दिसायला लागतं. म्हणजे मूळही पानाचं काम करतं, उजेडातून अन्न तयार करतं. मातीत तोंड खुपसून बसायची सवय असलेल्या मुळांनी हा असा उजेडातला संसार कधी मांडला असेल? पुढचा अर्धा तास मी एकेका मुळावर थेंब टाकत बसले. घरमालकीण दोनदा येऊन बघून गेली.

फुलाबद्दल लिहायचं तर एका दांड्यावर शंभराच्या वर फुलं सहज असतात, एकमेकांना चिकटून, गोलाकार रचलेली. सगळी जवळजवळ एकदमच उमलतात. एक फूल नखाएवढं. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके, पुढची पाकळी तेवढी गडद गुलाबी आणि तिच्या मागे एक चपटीशी थैली. वास आहे, पण नाक अगदी जवळ नेल्याशिवाय येत नाही. सुरंगीची सवय असलेल्या नाकाला तर तो वासच वाटणार नाही. भारतीय वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ही ऱ्हिंकोस्टायलिस रेटूसा. आपल्याकडे सीतेची वेणी, कुठे द्रौपदीची. वनवासातल्या दोघी बायकांना गजऱ्याची सोय रानानेच केलेली दिसते.

आता लावतल्यात खंय.

याचं उत्तर द्यायला मी कोकणातल्या रस्त्यांवर वर बघत फिरायला लागले, आणि मान दुखायला लागल्यावर काही गोष्टी लक्षात आल्या. सीतेची वेणी आंब्यावर असते, जांभळावर असते, फणस, ऐन, किंजळ, हिरडा, नाणा, कशावरही असते. झाडाच्या जातीबद्दल तिचा फारसा हट्ट नाही. हट्ट आहे तो वयाबद्दल आणि जागेबद्दल. कोवळ्या, गुळगुळीत सालीवर ती जवळपास दिसतच नाही. साल फुटलेली हवी, तिच्यात शेवाळ आणि दगडफूल आलेलं हवं. फांदी अशी हवी की पावसाचं पाणी तिच्यावरून वाहून जाईल पण साचणार नाही. म्हणून बेचक्यात, जाड आडव्या फांदीवर, तिरप्या बुंध्याच्या वरच्या अंगाला. उजेड भरपूर हवा, मात्र चैत्रातल्या दुपारचं ऊन थेट नको. हे सगळं एकत्र जमून येतं ते गर्द रानाच्या पोटात नाही. रानाच्या कडेला, वहाळाच्या काठाला, देवळाच्या आवारात आणि रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या म्हाताऱ्या झाडांवर येतं. तिथे उजेड आडवा मिळतो, हवा खेळती असते. घाटमाथ्यावर धुकं वाढतं तशी दुसऱ्या आमऱ्यांची गर्दी व्हायला लागते. आंबोलीच्या बाजूला जूनमध्ये एरिडिस क्रिस्पाचे तुरे असे बहरतात की सीतेची वेणी शोधावी लागते. पण खाली, पायथ्याच्या उबदार, दमट पट्ट्यात, रस्त्याकडेच्या आंब्यांवर राज्य तिचंच. आणि रुंदीकरणात पहिली जातात ती हीच झाडं. रानाचं राखीव क्षेत्र दूर डोंगरात सुरक्षित असतं, ते असायलाच हवं. फक्त ही बाई राहते रस्त्यावर.

माझ्या आजोळी हे असलं कौतुक कुणाला नव्हतं. आजा कलमांच्या बाबतीत फार कडक. पावसाळा सरला की गड्याला कोयती देऊन झाडावर चढवायचा आणि खालून ओरडून सांगायचा, "बांडगुळां काढ सगळी." गडी जे काही झाडाचं नाही ते सगळं साफ करायचा. खरं बांडगूळ, आमऱ्या, नेचे, सगळं एका घावात. खाली पडलेल्या ढिगातून आम्ही पोरं लाल-केशरी नळीसारखी फुलं वेचायचो, ती बांडगुळाची. ती दोन बोटांत दाबली की फट्‌ करून फुटतात. आमऱ्यांची जाड पानं आम्हाला खेळायला उपयोगाची नव्हती. आज्याचा राग खोटा नव्हता. बांडगूळ खरोखरच झाडाच्या अंगात शिरतं, फांदीच्या आत मूळ खुपसून तिथला रस ओढतं, आणि जिथे बसतं तिथून पुढची फांदी वाळत जाते. फुलटोचे पक्षी त्याची फळं खातात आणि चिकट बी पुढच्या फांदीवर पुसून ठेवतात, की झालं. आमरीचं मूळ मात्र सालीच्या आत जात नाही. ती फांदीचा आधार घेते, पाणी पावसाचं आणि धुक्याचं, क्षार सालीवरच्या कुजक्यातले. झाडाकडून ती जागेशिवाय काही घेत नाही. हे आज्याला सांगणारं त्या काळी कुणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी त्याने ऐकलं असतं की नाही, याची मला शंकाच आहे. हापूसच्या बागायतदाराला फांदीवरचा प्रत्येक पाहुणा भाडं थकवणाराच वाटतो.

पण जागा म्हणजे तरी काय? इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते. सीतेच्या वेणीला बोंडं फार थोडी धरतात, पण एकेका बोंडात बिया लाखांच्या घरात. त्या इतक्या बारीक की बोंड तडकलं की पिवळट धूळ उडते. इतकं हलकं व्हायचं तर सामान सोबत ठेवून चालत नाही, म्हणून या बियांत अन्नाचा साठाच नसतो. भाताच्या दाण्यात कोंबाच्या शिदोरीची सोय असते, हरभऱ्यात असते, आमरीच्या बीत नाही. ती सालीवर जाऊन पडते आणि वाट बघते. तिथे एका विशिष्ट प्रकारची बुरशी असली, आणि त्या बुरशीचे तंतू बीमध्ये शिरले, तर त्यांच्याकडून मिळणाऱ्या अन्नावर कोंब धरतो. बुरशी नसेल तर लाख बियांची लाख धूळ. हे कोडं नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1899 मध्ये सुटलं. त्याआधी युरोपातले श्रीमंत लोक जगभरच्या रानांतून बोटी भरभरून आमऱ्या नेत होते, काचघरांत लावत होते, आणि बी पेरून रोप का होत नाही म्हणून कपाळाला हात लावत होते. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय, आमरीचं बी रुजवून दाखवलं. आज बाजारात कुंडीत मिळणाऱ्या आमऱ्या त्या वाटेने आलेल्या. म्हणजे प्रयोगशाळेत सीतेच्या वेणीची हजार रोपं करणं अशक्य नाही. फांदीवरची बुरशी, शेवाळ, भेगा, ओल टिकवणारं कुजकं, हे सगळं जमायला जी साठ-सत्तर वर्षं लागतात ती कुठल्या बाटलीत भरायची, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या फुलाची नोंद फार जुनी आहे. डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर जो 12 खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' करवून घेतला, त्याच्या 1693 च्या शेवटच्या खंडात सीतेच्या वेणीचं चित्र आहे. तिथलं तिचं नाव अंजेली मरावरा. अंजेली म्हणजे तो उंच जंगली फणस, आपल्याकडे ज्याला पाटफणस म्हणतात. मलबारातल्या ज्या वैद्यांनी ऱ्हीडला हे सांगितलं, त्यांनी फूल कुठल्या झाडावर शोधायचं हेही सांगून टाकलं होतं. पुढे 1753 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयसने शास्त्रीय नाव देताना याच ग्रंथाचा आधार घेतला, आणि नाव ठेवलं पानाच्या बोथट टोकावरून. झाड गाळलं. वाळवलेल्या वनस्पती चिकटवायच्या हर्बेरियमच्या कागदावर झाडाचा काय उपयोग म्हणा! जाता जाता, या ग्रंथाच्या पहिल्या खंडात तीन कोकणी भटजी-वैद्यांचं प्रमाणपत्र छापलेलं आहे, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. अॅमस्टरडॅममध्ये 1678 साली आपली अक्षरं. मला आमऱ्यांपेक्षाही या पानाचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जास्त गलबलून आलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या बाईच्या अंबाड्यातल्या फुलाबद्दलही मला नीट ठरवता आलेलं नाही. पहिली प्रतिक्रिया म्हणजे पोटात कालवाकालव. इतकं दुर्मीळ होत चाललेलं काही, आणि ते असं खोवायचं? मग वाटलं, का नाही? आसामात हेच फूल कपौ फूल म्हणून राज्यफूल आहे, अरुणाचल प्रदेशातही. एप्रिलमध्ये रोंगाली बिहूला तिकडच्या मुली अंबाड्याभोवती ही वेणी बांधून नाचतात आणि ते पाहून कुणाच्या पोटात काही कालवत नाही. आपलं राज्यफूल ताम्हण. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ताम्हण डोक्यात माळलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. कोकणातल्या बायकांना फुलांचं वेड कमी नाही, सुरंगीचे वळेसर, अबोली, बकुळीची ओवळं. सीतेची वेणी त्या यादीत का आली नाही? ती फुलते तेव्हा पावसाची पहिली सर डोक्यावर असते, शेतीची घाई असते, सण नाही, लग्नसराई संपत आलेली. आणि ती असते उंच झाडावर. हाताला येते ती झाड पडल्यावरच. त्या बाईने बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ती माळली असेल. निदान कुणीतरी माळली. बाकी सगळी त्या दिवशी ट्रकमध्ये गेली, जळणात.

आता ती बुंध्यावरची संख्या. रस्त्यासाठी झाडं तोडायची तर मोजणी होते. जात, घेर, उंची, कुणाच्या मालकीचं. महाराष्ट्रात 1964 चा झाडं तोडण्यावरचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत ठरावीक जातींची नावं आहेत, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा आणि आणखी काही. वाचताना गंमत वाटली, सीतेच्या वेणीच्या बिऱ्हाडांची यादीच कुणी करून ठेवल्यासारखी. अर्थात करणाऱ्यांच्या मनात लाकूड होतं, फळं होती. मोजणीच्या तक्त्यात घेराचा रकाना असतो, पण फांदीवर काय आहे याचा नसतो. जगातल्या झाडून सगळ्या आमऱ्यांप्रमाणे सीतेची वेणीही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे. परवान्याशिवाय एक रोप देशाबाहेर नेलं तर विमानतळावर अडवतील. इथे करवत सीमा ओलांडत नाही, त्यामुळे तिला कुणी अडवत नाही. आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपं लावायची अट असते तिचं काय, असं कुणी विचारेल. ती लावावीतच. जगली तर सावली होईल. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गुलमोहर आणि सप्तपर्णीच्या रोपांवर सीतेची वेणी यायला किती पावसाळे लागतील हे मी हिशेबात मांडून बघितलं आणि मग सोडून दिलं.

रस्ता मात्र मलाही हवाच आहे. त्याच रस्त्याने मी गेले होते, अर्धा तास अडकून पडले तेव्हा वैतागलेही होते. आणि रस्ता नसता तरी आमरीचं सगळं आलबेल असतं असं नाही. वर मावळात, जव्हार-मोखाड्याकडे, नाचणीच्या राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या दरवर्षी छाटतात. नुसते खांब उभे दिसतात, टोकाला पालवीचा झुपका. छाटलेल्या फांद्या शेतात पसरून पेटवल्या की राख रोपाला. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे, झाड मरत नाही, परत फुटतं. आडव्या जुन्या फांदीवर राहणाऱ्याला मात्र तिथे थाराच मिळत नाही. खाली तळकोकणात अख्ख्या डोंगरउताराचं रान उतरवून काजू लावला जातो, दोडामार्गाकडे रबर. काजूचे पैसे आले म्हणून शिकलेली मुलं मला माहीत आहेत, त्यांच्या बापाला सीतेच्या वेणीवरून बोल लावायची माझी टाप नाही. या सगळ्यात खलनायक सापडत नाही, हीच अडचण आहे.

एका मंडळींबद्दल मात्र माझं मत साफ आहे. पावसाळी भटकंतीला येऊन उभ्या झाडावरून आमऱ्या ओरबाडून नेणारे. पिशव्या भरतात, त्यांचे फोटो टाकतात, घरी बाल्कनीच्या ग्रिलला काथ्याने लटकावतात, कुंडीत माती घालून लावतात. मातीत मूळ गुदमरतं, पावसाळा संपला की रोप सुरकुततं, पुढच्या वर्षी नवीन आणतात. वादळाने पडलेल्या, तोडलेल्या फांदीवरचं रोप उचलणं वेगळं. ते उचलावंच, आणि शक्य तितकं जवळच्याच, जुन्या, खडबडीत सालीच्या झाडावर परत चढवावं. सालीचा तुकडा सोबत आला असेल तर तो काढू नये. सुती चिंधीने बांधावं, नायलॉनची दोरी मुळं कापते. तारीख बघायची तर मृगाची, पाऊस लागला की. खत नको, माती नको. पुढे पहिलं वर्ष काहीच होत नाही, तरी सारखं जाऊन हात लावायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड.

माझ्या वाटणीला आलेलं रोप मी आजोळी नेलं, कारण मला जुनं झाड म्हणून तेवढंच ठिकाण माहीत होतं. आजा गेल्याला बरीच वर्षं झाली, आता मामा बघतो. त्याने रोप उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "बांडगूळ आणलंस गे, तुझ्या आज्याने ह्या काढूक गडी ठेवलो होतो." पण मागल्या दारच्या फणसावर शिडी लावून दिली. उगवतीकडच्या फांदीवर, बेचक्याच्या जरा वर, माझ्या जुन्या साडीच्या पट्टीने ते बांधलं. ते जगलं आहे. फूल नाही, पण नवीन मुळं निघालीत, टोकाला कोवळी हिरवी, आणि एक मूळ पट्टी सोडून सालीच्या भेगेत शिरलंय. माझ्या मनात खरं तर गावच्या देवराईतलं जांभूळ होतं. त्यावर सीतेच्या वेण्या इतक्या आहेत की मृगाच्या आधी आठवडाभर झाड दुरून गुलाबी दिसतं. मामाने मानकऱ्यांना विचारलं. राईतून काटकीही बाहेर न्यायची नाही हा नियम त्यांना पाठ होता. बाहेरून आणून आत काही लावायचं का, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "देवाच्या झाडार भायलां कित्याक?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि विचार करता त्यांचंही खरंच होतं. त्या झाडाला माझ्या रोपाची गरज नव्हती.

त्या जांभळाचं सध्या काय चाललंय ते सांगते. राईतल्या सातेरीदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. कौलांच्या जागी स्लॅब, शेणाच्या अंगणाच्या जागी पेव्हर ब्लॉक, पुढे सभामंडप. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी जमवलीय, नकाशा झालाय, आणि नकाशात सभामंडपाचा उजवा कोपरा बरोबर जांभळाच्या बुंध्यात येतोय. कोपरा दोन हात मागे घेता येईल, असं मामा बैठकीत म्हणाला. पण मंडप वाकडा दिसेल, असं दुसऱ्यांचं म्हणणं. शेवटी देवीला कौल लावला. गुरवाने पाषाणावर फुलांचे कळे लावले, मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, झाड काढूची परवानगी दी म्हणून, आणि सगळे श्वास रोखून बघत बसले. कळा डावीकडचा पडला. म्हणजे नाही. कंत्राटदाराला तोवर आगाऊ रक्कम दिलेली होती, त्यामुळे काम सध्या मागल्या बाजूने सुरू केलंय.

गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हा परत कौल लावायचं ठरलंय. मामा सांगत होता, मागच्या खेपेला झाड तोडू का असं विचारलं तिथेच घोळ झाला असं काहींचं मत पडलं. आता सभामंडप बांधू का, असं विचारणार आहेत.